किती आणि कोणत्या बाजूला? : धन व ऋण परिमेय संख्यांची ओळख

स्मरणिकेच्या पानांवर आठवणी असाव्यात, वसतिगृहातील दिवसांचे, शिक्षकांचे आणि सवंगड्यांचे स्मरण असावे, अशी रीत आहे. ती रीत थोडी बाजूला ठेवून आम्ही या लेखात सातवी-आठवीच्या गणितातील एक प्रकरण उघडून बसलो आहोत, याचे माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना नवल वाटेल. त्यामागे कारण आहे. निवासी शाळेत गणित शिकविताना आमच्या ध्यानात वारंवार आले, की प्राथमिक वर्गांत बेरीज-वजाबाकीत तरबेज असलेली मुले नेमकी एका वळणावर अडखळतात. संख्येच्या आधी ऋण चिन्ह येते, त्याच सुमारास ती संख्या अपूर्णांकही होते, आणि ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य मुलाच्या तोंडी प्रथम याच ठिकाणी येते. पुष्कळदा ते पुढे आयुष्यभर राहते. घरात शिकणारी पहिलीच पिढी असेल, तर त्या वाक्याला उत्तर देणारे कोणी घरी नसते. म्हणून हे प्रकरण मुलांबरोबर मोठ्यांनीही एकदा समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. धन किंवा ऋण परिमेय संख्या एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरे देते: ‘किती?’ आणि ‘शून्याच्या कोणत्या बाजूला?’ हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवले, की या प्रकरणातील बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते एकमेकांत मिसळले, की चुका सुरू होतात.

आपल्या भाषेत आधीच असलेले गणित

‘उणे’ ही कल्पना परकी आहे, हा गैरसमज प्रथम दूर करू. मराठी मूल मोजायला शिकते तेव्हाच ती त्याच्या तोंडी बसते. एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. पाऊण हा शब्द ‘पादोन’ या संस्कृत शब्दापासून आला, म्हणजे पाव भागाने उणा. पावणेदोन म्हणताना आपण दोनातून पाव मागे येतो आणि सव्वादोन म्हणताना पाव पुढे जातो. बाजारात भाजी घेणारी आजी पावणेदोन किलोचा भाव क्षणात सांगते. तिने अपूर्णांकही वापरला आणि पुढे-मागे जाणेही वापरले. शाळेतील प्रकरण याच ज्ञानाला लेखी रूप देते.

आणखी एक सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. ‘वजा’ ही एक क्रिया आहे, तर ‘ऋण’ हे संख्येचे स्वरूप आहे. ‘पाचातून तीन वजा करा’ यात क्रिया आहे. ‘ऋण तीन’ ही स्वतःच एक संख्या आहे. चिन्ह दोन्हींचे एकच असल्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. वाचताना दोन वेगळे शब्द वापरले, तर तो बराच कमी होतो.

परिमेय संख्या म्हणजे काय?

मोजण्यासाठी एक, दोन, तीन या नैसर्गिक संख्या पुरतात. त्यांत शून्य आणि ऋण संख्या मिळविल्या की पूर्णांक होतात. पण तीन भाकरी चौघांत वाटायच्या असतील, तर पूर्णांकही अपुरे पडतात. म्हणून दोन पूर्णांकांचा भागाकार हीच एक संख्या मानली जाते. ज्या संख्येचा अंश पूर्णांक आहे आणि छेद शून्याखेरीज दुसरा कोणताही पूर्णांक आहे, अशा रूपात जी लिहिता येते, ती परिमेय संख्या. ३/४ ही परिमेय आहे, −५/४ ही आहे, ७ ही देखील आहे, कारण तिला ७/१ असे लिहिता येते. शून्यही परिमेय आहे; मात्र ते धनही नाही आणि ऋणही नाही. २ चे वर्गमूळ मात्र अशा रूपात कधीच लिहिता येत नाही, म्हणून ते परिमेय संख्यांच्या बाहेर राहते.

अंश व छेद यांची चिन्हे सारखी असतील, तर संख्या धन. वेगळी असतील, तर ऋण. म्हणून −३/४ आणि ३/−४ या एकच संख्या आहेत, आणि −३/−४ ही खरे तर ३/४ आहे. लिहिताना छेद धन ठेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे संख्येची बाजू अंशाकडे पाहताच कळते.

दशांश रूपात परिमेय संख्या दोनच प्रकारे वागते. −७/२० म्हणजे −०.३५, येथे भागाकार संपतो. हे खंडित रूप. −१/३ म्हणजे −०.३३३..., येथे तोच अंक पुन्हा पुन्हा येत राहतो; हे अखंड आवर्ती रूप.

शब्दांचा इतिहास: धन आणि ऋण

धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. ही नावे हिशेबातून आली. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ रचला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकाराचे नियम सांगितलेले आहेत. दोन ऋणांचा गुणाकार धन असतो, हा नियमही तेथे आहे. चीनमधील गणिती त्याआधीच मोजणीच्या काड्या वापरून असे हिशेब करीत. लाल काड्या धनासाठी आणि काळ्या काड्या ऋणासाठी असत.

तरीही ऋण संख्या सर्वांनी सहज स्वीकारल्या असे नाही. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरते, त्याच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक वानर बाहेर दिसत राहिले; तर कळप किती? समीकरण सोडविले की दोन उत्तरे येतात: ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले, ७ उरले. त्यांचा वर्ग ४९ आणि बाहेरचे एक, मिळून ५०. हे बरोबर जुळते. आता ५ घेऊन पाहू. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की −२; त्याचा वर्ग ४, आणि एक मिळविले की ५. हिशेब येथेही चोख जुळतो! पण मध्ये ‘ऋण दोन वानरे’ आली. लोकांना ऋण राशीची प्रतीती नाही, म्हणून हे दुसरे उत्तर घेऊ नये, असा निर्णय भास्कराचार्यांनी दिला. कळपातील वानरे मोजताना तो निर्णय योग्यच होता. मात्र त्यावरून ही कल्पना रुळण्यास किती काळ लागला, हेही दिसते. युरोपात तर १७५८ साली फ्रान्सिस मासेरेस या इंग्रज गणितीने ऋण संख्यांवर आक्षेप घेणारा एक ग्रंथच प्रसिद्ध केला.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. एवढ्या थोर गणितज्ञांना जेथे थबकावे लागले, तेथे बारा-तेरा वर्षांचे मूल क्षणभर थबकले, तर त्याच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

लहान कोण, मोठे कोण?

वर्गात आम्ही विचारतो: −३/४ आणि −२/३ यांपैकी लहान संख्या कोणती? बहुतेक हात −२/३ साठी वर जातात, कारण २/३ लहान आहे हे मुलांना ठाऊक असते. संख्यारेषा काढली की उलगडा होतो. दोन्हींचा छेद १२ करू: −९/१२ आणि −८/१२. शून्यापासून डावीकडे −९/१२ अधिक दूर आहे, आणि रेषेवर जी संख्या डावीकडे ती लहान. म्हणून −३/४ लहान.

येथे आमचे दोन प्रश्न कामी येतात. ‘शून्यापासून किती दूर?’ याचे उत्तर म्हणजे केवलमूल्य. त्यात −३/४ मोठी आहे. ‘रेषेवर कोठे?’ असे विचारले, तर तीच लहान आहे. चष्म्याच्या नंबरात हे रोज दिसते. लांबचे अंधुक दिसणाऱ्यांना ऋण नंबराचे, अंतर्वक्र भिंग लागते. जवळचे वाचण्यास त्रास होणाऱ्यांना धन नंबराचे, बहिर्वक्र भिंग लागते. नंबर साधारणतः पाव-पावच्या टप्प्यांनी दिले जातात. एखाद्या मुलीचा नंबर −०.७५ वरून −१.२५ झाला, तर आपण ‘नंबर वाढला’ म्हणतो. वाढले ते केवलमूल्य; संख्या म्हणून −१.२५ ही −०.७५ पेक्षा लहानच आहे. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

हा नंबर भिंगाच्या मीटरमधील नाभीय अंतराचा गुणाकार व्यस्त असतो. −१.२५ म्हणजे −५/४. त्याचा व्यस्त −४/५. म्हणजे नाभीय अंतर ८० सेंटिमीटर आणि चिन्ह ऋण. व्यस्त घेताना अंश-छेदांची अदलाबदल झाली, चिन्ह मात्र होते तेच राहिले. असा नंबर असलेल्या मुलीला चष्म्याशिवाय सुमारे ८० सेंटिमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही, हेही याच अपूर्णांकातून कळते. फळा त्याहून कितीतरी दूर असतो. मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेत असेल, तर त्याला गणितात कच्चे ठरविण्यापूर्वी त्याची दृष्टी तपासून घ्यावी, ही पालकांना आमची जाता जाता विनंती.

क्रिकेटच्या मैदानातील भागाकार

वसतिगृहातील मुलांना अपूर्णांकांचा कंटाळा असतो, पण गुणतक्त्यातील निव्वळ धावगतीचा कधीच नसतो. एका सामन्यापुरते बोलायचे, तर आपण षटकामागे केलेल्या धावांतून प्रतिपक्षाने षटकामागे केलेल्या धावा वजा केल्या, की ती मिळते. समजा, आपल्या संघाने २० षटकांत १६७ धावा केल्या आणि प्रतिपक्षाने १८ षटके ४ चेंडूंत १६८ धावा करून सामना जिंकला.

आपली गती १६७/२०. प्रतिपक्षाची षटके फलकावर ‘१८.४’ अशी दिसतात, आणि येथेच मुले फसतात. त्या टिंबाचा दशांशाशी संबंध नाही. षटकात सहा चेंडू, म्हणून चार चेंडू म्हणजे ४/६, अर्थात २/३ षटक. एकूण षटके १८ पूर्णांक २/३, म्हणजेच ५६/३. आता १६८ ला ५६/३ ने भागायचे, म्हणजे ३/५६ ने गुणायचे, उत्तर ९. निव्वळ धावगती १६७/२० − १८०/२० = −१३/२०, म्हणजे −०.६५. ऋण चिन्ह सांगते की आपण मागे पडलो. १३/२० सांगते की षटकामागे किती.

कोयत्याचा हिशेब

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळू. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुले वसतिगृहांत राहतात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. म्हणजे ऋण संख्या आणि अपूर्णांक ही दोन्ही या कुटुंबांच्या बोलण्यात पुस्तकाआधीच आलेली असतात.

हिशेब सोपा व्हावा म्हणून सोयीचे आकडे घेऊ आणि हंगामात खर्चासाठी घेतलेले पैसे बाजूला ठेवू. उचल ५४,००० रुपये. म्हणून खाते −५४,००० पासून सुरू होते. एक कोयता दिवसाला दीड टन तोडतो आणि टनाला ३६० रुपये मिळतात असे धरू. दिवसाची कमाई ३/२ × ३६० = ५४० रुपये. ९० दिवस जोडीने काम झाले: ९० × ५४० = ४८,६०० रुपये. १२ दिवस बाई आजारी होती आणि एकट्याने अर्धा कोयता चालविला: १२ × १/२ × ५४० = ३,२४० रुपये. आणि ८ दिवसांचे खाडे लावले गेले, दर खाड्याला ५०० रुपये कपात: ८ × (−५००) = −४,००० रुपये. सारे मिळून:

−५४,००० + ४८,६०० + ३,२४० − ४,००० = −६,१६०

हंगाम संपला, पण खाते शून्यावर आले नाही. ६,१६० रुपये पुढील वर्षाच्या उचलीत मिसळणार.

आता समजा, आठांपैकी तीन खाडे चुकीचे लागले होते; त्या दिवशी गाडीच न आल्याने काम बंद होते, दोष मजुरांचा नव्हता. ते तीन खाडे वहीतून काढून टाकले, तर काय होईल? ऋण असलेली रक्कम तीनदा काढून घेतली: (−३) × (−५००). काढून घेतली ती कपात, म्हणून खात्यात १,५०० रुपयांची भरच पडली आणि बाकी −४,६६० झाली. ‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन’ या नियमाचा अर्थ एवढाच आहे. लादलेले ओझे उतरविणे म्हणजे मिळविणेच.

ज्यांना हा दाखला पुरेसा वाटत नाही, त्यांनी क्रम पाहावा. ३ × (−५००) = −१,५००; २ × (−५००) = −१,०००; १ × (−५००) = −५००; ० × (−५००) = ०. डावीकडील संख्या एकाने घटते, तसे उत्तर दर वेळी ५०० ने वाढते. हीच चाल पुढे नेली, तर (−१) × (−५००) चे उत्तर +५०० च असावे लागते. अपूर्णांकांनाही हेच लागू: (−२/३) × (−३/४) = १/२.

हा हिशेब वर्गात मांडला की, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले पुढे सरकतात. आई-वडील परतल्यावर त्यांची वही कोणीतरी वाचायला हवी आणि ती आपण वाचू शकतो, हे त्यांना उमगते. वहीतील प्रत्येक आकड्यामागे ‘हा किती आणि कोणत्या बाजूचा?’ असे विचारणारे मूल घरात असेल, तर चुकीचा खाडा सहजासहजी खपत नाही.

दोन गोष्टी राहिल्या

छेद शून्य का नसतो? ६/० ही संख्या असती, तर तिला शून्याने गुणून ६ मिळायला हवे होते; पण कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तरी शून्यच येते. आणि ०/० साठी तर कोणतीही संख्या चालून जाईल, म्हणजे ठाम उत्तर उरतच नाही. ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागले असता शून्य येते असे म्हटले होते. ते पुढे टिकले नाही. ग्रंथकार कितीही थोर असला, तरी त्याचे विधान तपासून घ्यावे, हा धडाही गणितानेच दिला आहे.

दुसरी गोष्ट दाटीची. −१ आणि ० यांच्यामध्ये एकही पूर्णांक नाही. परिमेय संख्या मात्र असंख्य आहेत. −३/४ आणि −१/२ घ्या. त्यांची बेरीज करून निम्मी केली की −५/८ मिळते, आणि ती दोहोंच्या बरोबर मध्ये बसते. पुन्हा −३/४ आणि −५/८ यांच्यामध्ये −११/१६. हे कधीच संपत नाही. शून्याच्या दोन्ही बाजूंना अशीच दाटी आहे, आणि प्रत्येक धन संख्येसमोर तेवढ्याच अंतरावर तिची विरुद्ध संख्या उभी आहे. दोहोंची बेरीज शून्य.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

गणित येत नसलेले पालकही या प्रकरणात मुलाला मदत करू शकतात. मुलाला बँकेचे पासबुक वाचायला द्यावे. चष्म्याची चिठ्ठी, पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणारी सरासरीपेक्षा कमी-अधिक पावसाची टक्केवारी, सामन्यांचा गुणतक्ता, जे हाती येईल त्यातील एक संख्या दाखवावी आणि दोनच प्रश्न विचारावेत: किती? आणि कोणत्या बाजूला? उत्तर बरोबर आहे की नाही, हे पालकांना कळलेच पाहिजे असे नाही. मूल समजावून सांगू लागले, की त्याचे त्यालाच पुष्कळ उमगते.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज कारकून आहेत, कोणी दुकान चालवितात, कोणी बचत गटाचे हिशेब पाहतात. शाळेत याल तेव्हा संध्याकाळच्या अभ्यासिकेत अर्धा तास बसा आणि आपल्या कामातील एक खरा हिशेब मुलांपुढे मांडा. त्यात एखादी ऋण बाकी असली, तर ती लपवू नका. ती शून्यापर्यंत कशी आणली, हेही मुलांना सांगा.